मुलांचा आत्मसन्मान, घर आणि दोस्त: कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या शाळांत पालकसभेला 'काही शंका?' असं विचारलं तर कोणी हात वर करत नाही. खरे प्रश्न बाहेर व्हरांड्यात, चपला शोधताना येतात. पालकांचे येतात तसे मुलांचेही. त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत.

आमचा मुलगा चारचौघांत धीट बोलतो. म्हणजे त्याचा आत्मसन्मान चांगलाच असेल ना?

असेलच असं नाही. गॅदरिंगला माईक हातात घेऊन निवेदन करणारा मुलगाही रात्री अंथरुणावर पडल्यावर 'आपण काही कामाचे नाही' असं मनाशी म्हणत असू शकतो. मॉरिस रोझेनबर्ग या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये किशोरवयीन मुलांसाठी दहा विधानांची एक साधी मोजपट्टी मांडली. आत्मसन्मान मोजायला आजही जगभर ती वापरतात. त्यातली विधानं साधारण अशी: 'एकूणात मी स्वतःवर समाधानी आहे', 'कधी कधी वाटतं, माझा काहीच उपयोग नाही', 'निदान इतरांच्या बरोबरीने तरी माझी किंमत आहे'. इतरांच्या बरोबरीने, एवढंच. वरचढ आहेस का, असं त्यात कुठेही विचारलेलं नाही. त्यामुळे 'फार डोक्यावर घेतलं तर पोरगं शेफारेल' ही भीती वेगळ्याच गोष्टीची, गर्वाची आहे.

याच रोझेनबर्गनी १९८१ मध्ये एका सहकारी संशोधिकेबरोबर आणखी एक मुद्दा पुढे आणला: आपल्या असण्यानसण्याने कोणाला तरी फरक पडतो, ही जाणीव. आईवडिलांच्या लेखी आपण महत्त्वाचे आहोत असं ज्या मुलांना वाटत होतं, त्यांचा आत्मसन्मान जास्त आणि उदासी कमी दिसली. आमच्या मते कौतुक, बक्षीस, नवा मोबाईल या सगळ्यांपेक्षा ही जाणीव मोठी आहे. पुढच्या बऱ्याच उत्तरांत ती येईल.

मुलगा चौदा वर्षांचा झाला. आता त्याला मित्रच सगळं. आमची गरज संपली का?

नाही. वाटतं मात्र तसंच, कारण विचारलेल्या प्रश्नाला 'हं' एवढंच उत्तर येतं आणि मित्राचा फोन आला की खळ्यात जाऊन अर्धा तास हसणं चालतं. मुलांच्या आत्मसन्मानावर अनेक दशकं काम केलेल्या सुझन हार्टर यांच्या अभ्यासांत असं दिसलं, की वर्गातल्या मुलांची मान्यता या वयात फार मोठी होते, पण म्हणून आईवडिलांचा आधार बाजूला पडत नाही. दोन्ही लागतात.

२०२० मध्ये आत्मसन्मान आणि नाती यांच्यावरच्या दीर्घकालीन अभ्यासांचा एक एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात ५२ अभ्यास आणि ४७ हजारांहून जास्त माणसं होती. चांगली नाती असली की माणसाचं स्वतःबद्दलचं मत सुधारतं, आणि ते मत बरं असलं की नाती चांगली जुळतात, असं दोन्ही बाजूंनी चालताना त्यात दिसलं. म्हणजे उलटंही घडू शकतं. स्वतःला कमी समजणारा मुलगा बोलवायला आलेल्या दोस्तांना 'नको, तुम्ही जावा' म्हणतो. ते दोनदा येतात, तिसऱ्यांदा परस्पर मैदानावर जातात. मग हा घरात बसून म्हणतो, बघा, मी कोणाला नकोच होतो. अशा वेळी 'जा की रे बाहेर, काय घरकोंबड्यासारखा बसतोस' असं म्हणून काही होत नाही. त्यापेक्षा त्या दोस्तांनाच घरी बोलवा, घावणे घाला आणि तिथून उठून आत जा.

मुलांचे वडील मुंबईला, आम्ही गावी. याचा मुलांवर परिणाम होतो का?

हा प्रश्न कोकणात सगळ्यांत जास्त विचारला जातो आणि त्यात नवल नाही. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर १००० पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. मुली जास्त जन्मल्या म्हणून नव्हे, कामधंद्यासाठी पुरुष बाहेर होते म्हणून. पिढ्यान्‌पिढ्या इथली मुलं आई, आजी आणि शेजारची काकी यांच्या हाताखाली वाढली आहेत आणि त्यांतली बहुतेक चांगली निघाली आहेत. तेव्हा वडील घरात नाहीत एवढ्यावरून काही ठरत नाही.

ठरतं ते फोनवर. रोजचा फोन ऐका: 'अभ्यास झाला? किती मार्क पडले? आईला त्रास देऊ नको. दे आजीकडे.' हा फोन तपासणीचा झाला. मुलाच्या वाट्याला त्यात आला फक्त हिशेब. त्याऐवजी जे फक्त त्यालाच ठाऊक आहे ते विचारा. विहिरीला पाणी किती राहिलं? वरच्या कलमाला मोहोर धरला का? गडगा पडला होता तो यंदा लावायचा की पुढच्या वर्षी, तुला काय वाटतं? बारा वर्षांच्या मुलाला बापाने 'तुला काय वाटतं' असं विचारलं आणि आठवड्याने त्याच्या म्हणण्याप्रमाणे काही केलं, की त्या मुलाची मान वेगळी दिसते.

उलट टोकाची चूकही इथे फार होते. 'बाबा नाहीत, आता तूच घरातला पुरुष' असं म्हणून तेरा वर्षांच्या पोरावर आईचं दुःख, उधारी आणि भावकीची भांडणं टाकली जातात. जबाबदारी द्या, पण त्याच्या वयाची.

आजीबद्दल. हवाई बेटांपैकी कौआई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठेपणापर्यंत पाठपुरावा केला. गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांचे आजार अशा परिस्थितीतूनही जी मुलं नीट उभी राहिली, त्यांच्या आयुष्यात बहुधा एक तरी घट्ट, भरवशाचं मोठं माणूस होतं. ते आईवडीलच असायला हवं असं नव्हतं. आजी, मावशी, शिक्षक, कोणीही. 'झिला, जेवलस मा?' असं रोज न चुकता विचारणारी म्हातारी ही काही छोटी गोष्ट नाही.

गणपतीत मुंबईची भावंडं आली की आमची मुलगी एकदम गप्प होते. का?

कारण पडवीत बसून कोणीतरी म्हणतं, 'हा बघ, कसा फाडफाड इंग्रजी बोलतो.'

मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्ये मांडलं, की माणूस स्वतःला जोखायला आपल्यासारख्याच लोकांकडे बघतो. एखाद्या उद्योगपतीची मुलगी परदेशात शिकली तर आपल्या घरात कोणाला त्रास होत नाही. काकाची मुलगी मात्र त्याच आडनावाची, त्याच वयाची, त्याच आजोबांची नात. म्हणून तिच्याशी केलेली तुलना खोल लागते. मुलं मनातल्या मनात तुलना करणारच, ती थांबवता येत नाही. मोठ्यांनी ती मोठ्याने बोलून दाखवणं थांबवता येतं.

आणि त्या दहा दिवसांत गावची मुलगी काय करत असते? पहाटे उठून पाणी भरणं, मोदकांची उकड, आरतीचं ताट, चाळीस माणसांच्या पंगती. कौतुक होतं इंग्रजीचं. आमची सूचना सोपी आहे. माटीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या रानफळा-फुलांच्या चौकटीचं, सामान आणायला मुंबईच्या भावंडांना तिच्याबरोबर पाठवा. कवंडाळ कुठल्या वईवर मिळतात, शेरवड कशी ओळखायची, तेरडा कुठल्या सड्यावर फुललाय, हे तिला माहीत असतं आणि त्यांना काहीच माहीत नसतं. दोन तासांनी परत येताना त्या पोरांचं नातं बदललेलं असतं. तिला भाषण देऊन हे होत नाही.

आणि पडवीतल्या त्या नातेवाइकाला? चारचौघांत, हसत का होईना, थांबवा. 'आमची पण कमी नाही हो' एवढं पुरे. तो सुधारेल याची खात्री नाही. पण आपल्या बाजूने कोण बोललं, हे मुलगी दाराआडून ऐकत असते.

दहावीला मुलगा नापास झाला. आता त्याचं तोंड बघवत नाही. काय बोलावं?

कोकण विभागीय मंडळ स्थापन झाल्यापासून निकालात कोकण राज्यात पहिला येतो, याचा आपल्याला अभिमान आहे. २०२४ मध्ये राज्याचा दहावीचा निकाल ९५.८१ टक्के होता आणि कोकणचा ९९.०१. आता हाच आकडा नापास झालेल्या मुलाच्या बाजूने वाचा. त्याच्या आजूबाजूला जवळजवळ सगळे पास. वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अभिनंदनाची रांग, तिठ्यावर बॅनर, आणि मुंबईहून फोन: 'आपल्या बाबूचं काय झालं?' दुसऱ्या एखाद्या विभागात त्याला सोबतीला चार जण तरी मिळाले असते.

मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० मध्ये लिहून ठेवलं आहे, की स्वतःबद्दल काय वाटतं हे मिळालेलं यश भागिले मनातली अपेक्षा यावर ठरतं. यश तेच राहिलं तरी खालचा आकडा वाढवत नेला की उत्तर लहान होतं. घरी पहिल्या दोन दिवसांत हा खालचा आकडा कमी करणं एवढंच काम असतं. कारणं शोधू नका, अभ्यासाचं वेळापत्रक लावू नका, कोणाकोणाला काय सांगायचं याची चर्चा त्याच्यासमोर करू नका. जेवायला त्याला घेऊनच बसा. तिसऱ्या दिवशी माहिती द्या: पुरवणी परीक्षा असते, एक-दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीने अकरावीला प्रवेशाची सोय असते, शाळेत विचारून या. नव्वद टक्क्यांच्या जागी पंच्याहत्तर मिळाल्याने रडणाऱ्या मुलीलाही हेच लागू आहे, फक्त तिचं दुःख कोणी खरं मानत नाही.

मग कौतुक किती करावं?

जेवढं खरं आहे तेवढं. २०१४ मध्ये संशोधक एडी ब्रुमेलमन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की ज्या मुलांचं स्वतःबद्दलचं मत आधीच कमी आहे त्यांनाच मोठी माणसं जास्त फुगवून शाबासकी देतात, आणि 'अप्रतिम, कमाल!' ऐकल्यावर तीच मुलं पुढचं अवघड काम टाळतात. एवढं उंच पुन्हा जमलं नाही तर, ही धास्ती. त्याआधी, १९९८ मध्ये, क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांना दिसलं, की 'हुशार आहेस' असं ऐकलेली मुलं अपयशानंतर लवकर हात टेकतात, 'मेहनत घेतलीस' असं ऐकलेली टिकून राहतात. आपल्याकडे अडचण बहुधा उलटीच असते. आपल्या पोराचं चांगलं तोंडावर बोलायचंच नाही, दृष्ट लागते. निदान 'आज जाळं तू एकट्याने नीट उकललंस' एवढं तरी म्हणा.

वाडीत सगळ्यांनाच टोपणनावं असतात. मुलाला चिडवतात ते मनावर घ्यायचं का?

नाव कोणतं आहे आणि कोण, कुठे घेतं यावर आहे. मुलगा स्वतःच ते नाव मिरवत असेल तर ते त्याचं झालं. कबड्डीच्या संघात त्याच नावाने हाक आली की त्याला आपलेपणा वाटतो. पण तो 'बस झालं' म्हणाल्यावरही थांबत नसतील, बाहेरच्या शाळेतल्या मुलांसमोर मुद्दाम घेत असतील, नाव रंगावरून, तोतरेपणावरून, जातीवरून किंवा बापाच्या दारूवरून पडलं असेल, तर ती मस्करी नाही. कोळीवाड्यातल्या मुलांना 'मासळीचा वास येतो' म्हणून वर्गात बाजूला बसवलं जातं, हे अजूनही ऐकायला मिळतं आणि अजूनही शिक्षक त्यावर हसतात. इथे मुलाला 'दुर्लक्ष कर' असं सांगणं म्हणजे ते नाव मान्य कर असं सांगणं. शाळेत जा, वर्गशिक्षकांना भेटा. मुलाला आधी विचारून जा, म्हणजे दुसऱ्या दिवशी त्याला त्याची वेगळी किंमत मोजावी लागणार नाही.

माझे सगळे दोस्त पुण्याला-मुंबईला गेले. मी पप्पांबरोबर होडीवर जातो. ते सुट्टीत आले की त्यांच्यात बसायला लाज वाटते. (मुलगा, वय १९)

लाज वाटते यात तुझं काही चुकत नाही. 'नोकरीला काय करतो?' हा प्रश्न इथे लग्नाच्या बोलण्यापासून कट्ट्यापर्यंत सगळीकडे विचारला जातो आणि होडीवर असणं हे त्याचं उत्तर धरलं जात नाही. हे अन्यायाचं आहे, पण आहे. 'तुझा धंदा किती थोर' असं सांगून आम्ही तुझी समजूत काढणार नाही. मासळी कमी होते आहे, डिझेल परवडत नाही, हे तुला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

एवढं मात्र बघ: लाज कामाची वाटते की घोळक्याची? बहुतेकांना घोळक्यात वाटते. सहा जण एकत्र बसले की हॉस्टेल, मेस, ट्रॅफिक असलेच विषय निघतात. त्यांतल्या एकालाच गाठ, जेटीवर नेऊन बस. तो तिथे दहा बाय दहाच्या खोलीत पाच जणांबरोबर राहतो, हे तो घोळक्यात सांगणार नाही, तुला सांगेल. दुसरं, गावात राहिलेल्यांचीही एक फळी असते. भजनाची बारी, रापण ओढणारे, क्रिकेटची टीम. पखवाजवाला आला नाही तर बारी उभी राहत नाही, ही जागा मुंबईत सहज मिळत नाही. शिकायचं राहून गेलं याची खंत असेल तर यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून काम करत पदवी घेता येते. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत तुझ्याकडे वेळही असतो. खंत नसेल तर दुसऱ्यांच्या समाधानासाठी फॉर्म भरू नकोस.

मुलाची संगत वाईट आहे. तोडू का?

तुम्हाला तोडता येणार नाही. ती फक्त लपून चालू राहील. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांच्या २००५ च्या प्रयोगात गाडी चालवण्याच्या खेळात मित्र बाजूला असताना किशोरवयीन मुलांनी एकट्याने खेळताना घेतला त्यापेक्षा बराच जास्त धोका पत्करला. मोठ्या माणसांत तसा फरक दिसला नाही. म्हणजे एरवी शहाणा मुलगाही ट्रिपल सीट बसून घाटात गाडी पिळतो तो त्या क्षणी पाठीमागे बसलेल्यांमुळे. त्या मित्रांची नावं माहीत करून घ्या, त्यांच्या आयांना ओळखा. आणि मुलाला एक निमित्त द्या: 'बाबा मारतील' असं सांगून निघता येत असेल तर खुशाल आपलं नाव वापरू द्या.

मुलगी वयात आल्यावर तिला इकडेतिकडे पाठवत नाही. मैत्रिणी काय, शाळेत भेटतातच ना?

४८ देशांतल्या लोकांच्या एका मोठ्या अभ्यासात २०१६ मध्ये पुरुषांपेक्षा स्त्रियांचा आत्मसन्मान सरासरीने कमी आढळला. कारणं देशोदेशी वेगळी. आपल्याकडचं एक कारण तुमच्या प्रश्नातच आहे. भाऊ रात्री दहाला शिमग्याच्या खेळ्यांबरोबर फिरतो आणि ती शेवटची एसटी चुकेल म्हणून कॉलेजच्या नाटकात काम करत नाही. भीती खोटी आहे असं आम्ही म्हणत नाही. रस्त्यावर दिवे नाहीत, एसटी वेळेवर नाही. पण त्याची सगळी किंमत तिनेच का भरायची? भावाला न्यायला पाठवा. दोन घरं मिळून रिक्षा ठरवा.

रंगाबद्दल एकच सांगतो: 'उन्हात जाऊ नको, काळी होशील' हे वाक्य आजपासून बंद.

इन्स्टाग्रामने मुलं बिघडतात का?

स्वतःबद्दल बरं वाटणाऱ्या मुलाला रीलमुळे फार काही होत नाही, ज्याला आधीच कमी वाटतं त्याला जास्त लागतं, असं आमचं निरीक्षण. रात्री फोन उशाशी नको, एवढा नियम घरातल्या सगळ्यांना लावा, स्वतःलाही.

माझ्या मुलाला एकच मित्र आहे. काळजी करू का?

नको. १९९८ च्या एका अभ्यासात पाचवीतल्या मुलांना बारा वर्षांनी पुन्हा भेटले, तेव्हा लहानपणी एक जिवलग मित्र असलेल्यांना मोठेपणी स्वतःची किंमत जास्त वाटत होती. एक पुरतो.

पप्पा दारू पिऊन भांडतात. माझे मित्र घरी आले तर काय, म्हणून मी कोणाला बोलावतच नाही. (मुलगी, वय १६)

ते पितात यात तुझा काही संबंध नाही. तू जास्त मार्क आणलेस, कमी बोललीस, घर आवरून ठेवलंस, तरी ते थांबणार नव्हतं. मैत्री घरीच व्हायला हवी असं नाही. एका मैत्रिणीला मात्र खरं सांग. वाडीत बहुधा सगळ्यांना ते आधीच माहीत असतं आणि लपवण्यातच तुझी अर्धी ताकद जाते. मारहाण होत असेल तर चाइल्डलाइन १०९८ वर फोन कर, पैसे लागत नाहीत.

इथे समुपदेशक कुठे मिळणार?

'टेली मानस' ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचा विभाग असतो. किशोरवयीन मुलांसाठीच्या 'मैत्री क्लिनिक'ची चौकशी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात करा. 'रत्नागिरीला न्यावं लागेल' हे वाक्य आपल्याकडे शिवीसारखं वापरतात, कारण तिथे मनोरुग्णालय आहे. निदान मुलांसमोर ते वापरू नका, नाहीतर गरज पडली तरी ती तोंड उघडणार नाहीत.

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप-जेवण बिघडलं, मैदान सुटलं, मित्र तुटले तर वाट बघू नका. 'मी नसतो तर बरं झालं असतं' असं काही मूल बोललं तर ते नाटक समजू नका. सरळ विचारा, जीव द्यायचं मनात येतं का? विचारल्याने ते मनात भरत नाही. त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी फोन लावा.

मुलगा आता बावीसचा आहे. परवा म्हणाला, 'तुम्ही कधी माझ्यावर खूश नव्हताच.' उशीर झाला का?

नाही. २०१८ मधल्या एका मोठ्या एकत्रित अभ्यासानुसार आत्मसन्मान सरासरीने अकरा ते पंधरा या वयात जागच्या जागी राहतो, पुढे तिशीपर्यंत चांगलाच वाढतो आणि साठीच्या सुमाराला सर्वांत वर असतो. बाविसाव्या वर्षी बरंच पुढे आहे.

'आम्ही तुझ्यासाठी काय नाही केलं?' हे उत्तर देऊ नका. ते खरं असलं तरी. तो जे म्हणाला ते ऐकलंय, एवढं सांगा. त्याची तुम्हाला आठवणारी एक ठरावीक चांगली गोष्ट सांगा, आणि वाक्याच्या शेवटी 'पण' लावू नका. मग घरातल्या एखाद्या खऱ्या प्रश्नावर त्याचं मत मागा. बागेची फवारणी, घराचं छप्पर, आजीचा मोतीबिंदू, काहीही. तो पहिल्यांदा 'तुम्हीच ठरवा' म्हणेल. त्यावर रागावू नका. आठ दिवसांनी दुसऱ्या कशासाठी तरी पुन्हा फोन करा.